शोधनिबंधांची रास आणि ज्ञानाचे माप

विद्यापीठांच्या वार्षिक अहवालांत अलीकडे एक कोष्टक हटकून आढळते. कोणत्या विभागाने वर्षभरात किती शोधनिबंध प्रसिद्ध केले, किती विद्यार्थ्यांस पीएच.डी. मिळाली, किती परिसंवाद भरले, पेटंटसाठी किती अर्ज गेले, यांचे आकडे त्यात ओळीने मांडलेले असतात. भौतिकशास्त्रापासून व्यवस्थापनशास्त्रापर्यंत आणि जीवरसायनापासून विधिशाखेपर्यंत सर्व शाखा एकाच कोष्टकात नांदतात. खालची बेरीज मागील वर्षाहून मोठी दिसली की अधिकारमंडळे समाधान पावतात. या बेरजेचा अर्थ काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. पीक किती खंडी आले हे सांगायचे आणि त्यात दाणा किती व फोलपट किती हे सांगायचे नाही, असला हा हिशेब आहे. शेतकऱ्याने असा हिशेब ठेवला तर तो एका पावसाळ्यात उघडा पडेल. विद्यापीठांना तो वर्षानुवर्षे चालवता येतो.

हा प्रश्न निव्वळ तात्त्विक राहू नये म्हणून आम्ही इंदूरचे उदाहरण घेतो. इंदूर गोमंतकापासून दूर असले तरी मराठी वाचकाला परके नाही. मराठी साहित्य संमेलन तेथे 1917, 1935 आणि 2001 असे तीनदा भरले. त्या नगरीतील विद्यापीठ 1964 साली ‘इंदूर विद्यापीठ’ या नावाने स्थापन झाले आणि 1988 साली त्यास देवी अहिल्याबाई होळकरांचे नाव देण्यात आले. आज विज्ञान, अभियांत्रिकी, ऊर्जा, संगणक, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, पत्रकारिता, विधी, भाषा अशा नाना विद्याशाखा तेथे आहेत. इंदूरसह धार, झाबुआ, खरगोन, खांडवा, बडवानी, बऱ्हाणपूर, अलिराजपूर एवढ्या विस्तृत मुलखातील शेकडो महाविद्यालये 2024 पर्यंत त्यास जोडलेली होती. मध्यप्रदेश शासनाने 2024 साली कुलपती हे पदनाम बदलून ‘कुलगुरू’ हा मराठी वाचकास परिचित असलेला शब्दही स्वीकारला. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या मोठ्या विद्यापीठाचा हा उत्तम नमुना होय. त्याच्या संशोधनाचे माप कसे घ्यावे, याचा विचार म्हणूनच सर्वांच्या उपयोगाचा आहे.

त्याच इंदूर शहराच्या पूर्व अंगास खजराना आहे. एके काळचे हे स्वतंत्र खेडे आता शहराने पोटात घेतले आहे. तेथील गणपती सबंध माळव्याचे श्रद्धास्थान आहे. नवी मोटार घेतली की ती प्रथम खजरान्यास न्यायची, लग्नाची पहिली पत्रिका त्या गणेशाच्या पायी ठेवायची, ही तेथील घरोघरची रीत. नवस बोलताना देवळाच्या मागील भिंतीवर उलटे स्वस्तिक काढायचे आणि नवस फळला की येऊन ते सुलट करायचे, असाही प्रघात आहे. त्याच खजरान्यात नाहरशाह वलींचा दर्गाही आहे आणि तेथेही भाविकांची रीघ असते. हे देवालय अहिल्याबाईंनी उभारले, परचक्राच्या भयाने विहिरीत लपविलेली मूर्ती बाहेर काढून त्यांनी तिची पुनःस्थापना केली, अशी आख्यायिका आहे. म्हणजे एकाच पुण्यश्लोक स्त्रीच्या नावाशी निगडित असे एक देवालय आणि एक विद्यालय एकाच नगरीत उभे आहे. एकात श्रद्धेची उपासना चालते, दुसऱ्यात जिज्ञासेची चालावी अशी अपेक्षा आहे.

आता या देवालयाविषयी जे सर्वत्र छापले जाते, त्यातील एकच गोष्ट पाहा. स्थापनेचे वर्ष म्हणून 1735 हे साल दिले जाते आणि स्थापना अहिल्याबाईंनी केली असेही त्याच ओळीत सांगितले जाते. अहिल्याबाईंचा जन्म 1725 चा. म्हणजे त्या वर्षी त्यांचे वय दहा वर्षांचे होते. सुभेदार मल्हारराव त्या वेळी भर कर्तबगारीत होते व ते पुढे 1766 पर्यंत हयात होते. पती खंडेराव 1754 साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले. पुत्र मालेराव 1767 साली निवर्तल्यावर राज्याची सूत्रे अहिल्याबाईंच्या हाती आली. मग 1735 हे साल खरे मानावे की अहिल्याबाईंचे कर्तृत्व खरे मानावे? कदाचित पहिली स्थापना मल्हाररावांच्या वेळची असेल आणि जीर्णोद्धार बाईंच्या काळचा असेल. कदाचित सालच चुकीचे असेल. भाविकाला या प्रश्नाचे काही अडत नाही आणि अडू नये. मूर्तीपुढे हात जोडताना कोणी सनावळी विचारीत नाही. परंतु ज्या विद्यापीठाने अहिल्याबाईंचे नाव धारण केले आहे, त्याच्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न पडला पाहिजे. तो सोडविण्याची वाटही अगम्य नाही. होळकर दरबाराचा जुना पत्रव्यवहार व हिशेब मोडी लिपीत, मराठी भाषेत आहेत. वा. वा. ठाकूर यांनी संपादिलेल्या ‘होळकरशाहीच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथांनी त्यांतील काही भाग फार पूर्वीच उजेडात आणला. हवा आहे तो मोडी वाचणारा, मराठी जाणणारा आणि धुळीत दोन-चार वर्षे बसण्याची तयारी असलेला तरुण. असा तरुण घडविणे हे विद्यापीठाचे काम होय. त्या तरुणाने चार वर्षांनी एकच निबंध लिहिला तर कोष्टकात त्याची नोंद ‘एक’ अशीच होईल. तथापि तो एक निबंध शंभर निबंधांस भारी ठरेल.

हे झाले इतिहासाचे. खजरान्यात उभे राहून इतर शास्त्रांनी दृष्टी टाकली तर प्रत्येकाला आपला विषय समोर दिसेल. देवास रोज वाहिल्या जाणाऱ्या फुलांचे निर्माल्य हा रसायनशास्त्राचा व जीवशास्त्राचा विषय आहे. शेते बुजून वसाहती उठल्या तेव्हा जुन्या विहिरींचे आणि त्यांच्या झऱ्यांचे काय झाले, हा भूगर्भशास्त्राचा विषय आहे. देऊळ आणि दर्गा यांच्या सावलीत शेजारपण कसे टिकते आणि कधी ताणले जाते, हा समाजशास्त्राचा विषय आहे. हार, नारळ, मोदक आणि वाहनपूजा यांवर किती कुटुंबांची चूल पेटते, हा अर्थशास्त्राचा विषय आहे. माळवी, मराठी, हिंदी आणि उर्दू एकाच गल्लीत बोलल्या जाऊन एकमेकींत कशा मिसळतात, हा भाषाशास्त्राचा विषय आहे. शेतजमीन शहरात येताना मालकी कोणाकडून कोणाकडे गेली, हा विधिशाखेचा विषय आहे. एका खेड्याच्या परिघात अर्धा डझन विद्याशाखांना पुरून उरेल एवढे काम आहे. बहुशाखीय संशोधन म्हणून ज्याचा 2020 च्या शैक्षणिक धोरणापासून विशेष घोष चालला आहे, ते अशाच ठिकाणी आकार घेते. सहा विभागांचे निबंध एका पुस्तिकेत बांधले म्हणजे ते बहुशाखीय होत नाही. सहा विभागांनी एकाच प्रश्नाकडे एकत्र पाहिले तरच होते.

ही केवळ कल्पना नव्हे. इंदुरातच असे घडलेले आहे. अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज कृषिशास्त्रज्ञ 1905 पासून पुसा येथील सरकारी संशोधन संस्थेत काम करीत होता. पिकाचा विचार एका खोलीत, मातीचा दुसऱ्या खोलीत आणि किडीचा तिसऱ्या खोलीत, ही विभागणी त्याला मानवेना. 1924 साली इंदुरात वनस्पती उद्योग संस्था उभी राहिली. होळकर दरबाराने तिला सुमारे तीनशे एकर जमीन दिली, कापूस समितीने व मध्य भारतातील संस्थानांनी पैसा पुरविला. तेथे हॉवर्डने यशवंत वाड या सहकाऱ्यासमवेत पालापाचोळा, पिकांची धाटे, शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर खड्ड्यात रचून, ठरावीक अंतराने ते उलथून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत सिद्ध करण्याची रीत बसविली. चिनी शेतकऱ्यांच्या पिढीजात अनुभवाचा त्याने आदराने अभ्यास केला होता आणि माळव्याच्या शेतकऱ्यालाही तो गुरू मानीत असे. 1931 साली हॉवर्ड आणि वाड या दोघांच्या नावे त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. ‘इंदूर पद्धत’ या नावाने ती रीत जगभर गेली आणि आज सेंद्रिय शेतीची जी चळवळ सर्वत्र दिसते तिच्या उगमस्थानांत तिची गणना होते.

सात वर्षांचे काम, एक पद्धत, एक ग्रंथ. आजच्या कोष्टकात या कामाला किती गुण मिळाले असते? आणि त्याचे फळ पाहा. 2017 पासून देशातील स्वच्छ शहरांच्या पाहणीत इंदूरने अग्रस्थान मिळविले आणि राखले. देवगुराडिया येथे रोज 550 टन ओल्या कचऱ्यापासून इंधनवायू व खत निर्माण करणारा प्रकल्प फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाला. आजचे यंत्र हॉवर्डच्या खड्ड्याचे थेट वंशज आहे असा आमचा दावा नाही. त्यामागील जीवरसायन वेगळे आहे. परंतु टाकाऊ म्हणून फेकलेल्या वस्तूत जमिनीचे सत्त्व आहे, हा विचार जगाला ज्या नगरीने शास्त्रशुद्ध रीतीने दिला, त्याच नगरीने नव्वद वर्षांनी तो नागरी व्यवहारात उतरविला, ही गोष्ट लहान नाही.

माळव्याच्या भूमीत असे दुसरेही दाखले आहेत. अहिल्याबाईंच्या महेश्वरी आणि नर्मदेच्या पैलतीरी नावडातोली येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने व बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने डॉ. ह. धी. सांकलियांच्या नेतृत्वाखाली 1952 पासून उत्खनने केली. त्यांतून ताम्रपाषाणयुगीन माळव्यातील घरे, धान्ये आणि मृद्भांडी उजेडात आली. उज्जैनचे विष्णु श्रीधर वाकणकर 1957 साली आगगाडीतून जात असता दुरून दिसलेल्या खडकांनी आकृष्ट झाले, खाली उतरून पायी तेथवर गेले आणि भीमबेटकाची चित्रित शैलाश्रये अभ्यासकांसमोर आली. 2003 साली तो परिसर जागतिक वारसा म्हणून मान्य झाला. चित्रकाराची नजर आणि पुरातत्त्वज्ञाची चिकाटी एकाच व्यक्तीत नांदली, म्हणून हे घडले.

मग आज संख्येचा हा सोस आला कोठून? त्याचा उगम अगदीच वाईट नव्हता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्या वशिल्याने होतात अशी जुनी तक्रार होती. तिला उत्तर म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने 2010 साली गुणांकनाची पद्धत आणली. प्रत्येक निबंधाला, प्रत्येक परिसंवादाला गुण मिळू लागले. हेतू निःपक्षपातीपणाचा होता; परिणाम मात्र विपरीत झाला. ज्याला गुण त्याचा बाजार. पैसे भरताच आठवड्यात निबंध छापून देणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले. त्यांस आळा घालावा म्हणून आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी केली, तर त्या यादीतही तीच मंडळी शिरली. पुणे विद्यापीठातील डॉ. भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 साली ‘करंट सायन्स’मध्ये या यादीची चिकित्सा प्रसिद्ध केली. विद्यापीठांनी शिफारस केलेल्या, अन्य मान्यवर सूचींत नसलेल्या ज्या नियतकालिकांची त्यांनी छाननी केली, त्यांपैकी शेकडा 88 हून अधिक हिणकस ठरली. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाला 4305 नियतकालिके यादीतून वगळावी लागली. 2019 साली नवी यादी आली, तीही 2025 साली बंद करण्यात आली. 2022 च्या नियमांनी पीएच.डी.पूर्वी निबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती उठविली. यादी करायची, मोडायची, पुन्हा करायची, या खेळात दीड दशक गेले आणि एक अख्खी पिढी निबंध म्हणजे बढतीची पायरी असे मानण्यास शिकली.

याचा अर्थ इंदूरच्या किंवा अन्य विद्यापीठांत खरे संशोधन होत नाही असा कोणी करू नये. तो घोर अन्याय होईल. इंदूर विद्यापीठाच्या आवारातच अणुऊर्जा खाते व अनुदान आयोग यांच्या संयुक्त संशोधन संस्थेचे मुख्य ठाणे आहे आणि देशभरातील विद्यापीठांचे अभ्यासक तिच्या उपकरणांवर काम करण्यास येतात. राजा रामण्णा केंद्रातील ‘इंडस’ यंत्रांची प्रखर किरणे पदार्थांचे अंतरंग उलगडण्यास विद्यापीठीय संशोधकांना उपलब्ध आहेत. अतिशीत तापमानात एखादे मिश्रधातू कसे वागते याचा शोध घेणाऱ्याला, याचा खजरान्यास काय उपयोग, असे विचारणे अडाणीपणाचे आहे. मूलभूत विज्ञानाचे फळ कधी, कोठे आणि कोणाच्या झाडाला लागेल हे सांगता येत नाही. आमचे म्हणणे एवढेच की भौतिकशास्त्राच्या निबंधाला त्या शास्त्रातील जाणत्यांची कसोटी लावावी, मोडी कागदपत्रांवरील संशोधनाला त्या विषयातील जाणत्यांची लावावी आणि दोहोंची गणना एका बेरजेत करू नये. सोने आणि भात एकाच तागडीत तोलून एकूण वजन जाहीर करण्यात कसला शहाणपणा आहे?

विद्यापीठांची अडचणही समजून घेतली पाहिजे. शेकडो महाविद्यालयांच्या परीक्षा घेणे, उत्तरपत्रिका तपासणे, निकाल लावणे, निकाल लांबल्यावर मोर्चांना सामोरे जाणे, यांत संलग्नता सांभाळणाऱ्या विद्यापीठाचे वर्ष सरते. राज्याराज्यांत प्राध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिक्त राहतात आणि तासिका तत्त्वावर नेमलेले तरुण दिवसाची भाकरी मिळविण्यात थकून जातात. संपूर्ण राष्ट्र 2020-21 साली आपल्या उत्पन्नाच्या शेकडा 0.64 एवढाच भाग संशोधन व विकासावर खर्च करीत होते. 2023 च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले, पाच वर्षांत 50 हजार कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. परंतु त्यातील मोठा हिस्सा सरकारबाहेरून यावयाचा आहे. तो किती येतो आणि त्यातील किती राज्य विद्यापीठांच्या वाट्याला येतो, यावर पुष्कळ अवलंबून आहे. मोठ्या केंद्रीय संस्थांच्या पंक्तीला पक्वान्ने आणि राज्य विद्यापीठांच्या पानात मीठच वाढलेले, ही रीत बदलली नाही तर कोष्टके कितीही सुधारली तरी उपयोग नाही. देशातील बहुसंख्य तरुण राज्य विद्यापीठांच्या छत्राखाली शिकतो, याचे विस्मरण दिल्लीला होता कामा नये.

मग करावयाचे काय? आमच्या मते चार गोष्टी आजही करता येण्याजोग्या आहेत. पहिली, बढतीच्या वेळी प्राध्यापकाने शंभर निबंधांची यादी न देता आपली निवडक पाच कामे पुढे ठेवावी आणि जाणत्यांनी ती प्रत्यक्ष वाचून निर्णय द्यावा. निबंध मोजण्यास कारकून पुरतो, वाचण्यास विद्वान लागतो. दुसरी, प्रत्येक प्रबंधाचा सारांश लोकभाषेत, सामान्य सुशिक्षिताला उमगेल असा प्रसिद्ध करावा. ‘शोधगंगा’ या भांडारात लाखो प्रबंध आज खुले आहेत. परंतु ज्याच्या गावावर प्रबंध लिहिला त्या गावकऱ्याला त्याचा पत्ता नाही. झाबुआ-धारच्या भूजलातील फ्लोराइडने मुलांचे दात व हाडे बिघडतात, यावरील निष्कर्ष झाबुआतील शिक्षकाच्या हाती पडले नाहीत तर ते संशोधन अर्धेच राहिले. तिसरी, माळवी, निमाडी, भिली आणि मोडी मराठी यांचे शिक्षण हा संशोधनाचा पाया मानावा. लोकांची भाषा न येणारा संशोधक लोकांचे काय शोधणार? चौथी, परीक्षांचा भार विद्यापीठाच्या अध्यापन विभागांवरून उतरवावा.

गोमंतकीय वाचक यावर म्हणेल, हे इंदूरचे झाले, आमचे काय? आमचे काय, हाच खरा प्रश्न. गोवा विद्यापीठ 1985 साली सुरू झाले. ते लहान आहे. पण लहान असणे ही सबब नव्हे. या भूमीने पांडुरंग पिसुर्लेकरांसारखा संशोधक दिला. पोर्तुगीज दप्तरांत आयुष्य घालवून त्यांनी ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ मराठीत सिद्ध केला आणि पुणे विद्यापीठाने तो 1967 साली प्रसिद्ध केला. याच भूमीत जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती होते. त्यांनी नाण्यांच्या झिजेला संख्याशास्त्र लावून प्राचीन भारताचा इतिहास वाचला आणि 1944 साली त्यांनी दिलेले एक सूत्र आजही आनुवंशशास्त्रात त्यांच्या नावाने ओळखले जाते. गणित, इतिहास आणि जीवशास्त्र यांच्या भिंती त्यांनी एकट्याने ओलांडल्या. कोणत्याही आयोगाने त्यांस तसा आदेश दिला नव्हता. आज आमच्या देवस्थानांची जुनी दप्तरे वाचणारे किती उरले? खाजन जमिनींचे बांध फुटत असताना त्या बांधांची विद्या जाणणाऱ्या वृद्ध गावकाराकडे शास्त्राचा किती विद्यार्थी जाऊन बसतो? काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण आमच्या विद्यापीठांना लागू पडू नये, अशी काळजी आता घेतली पाहिजे.

अहिल्याबाईंनी काशीपासून सोमनाथापर्यंत घाट, विहिरी, देवळे आणि धर्मशाळा बांधल्या. त्यांची संख्या किती, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही आणि बाईंनी ती कधी मिरविल्याचेही कोठे नमूद नाही. तीनशेव्या जयंतीनिमित्त 2025 साली त्यांचा जयघोष देशभर झाला. त्या विहिरींचे पाणी किती पिढ्यांनी प्यायले, यात त्यांचे मोठेपण आहे. त्यांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाने, आणि ते नाव धारण न करणाऱ्या आमच्या विद्यापीठांनीही, आपल्या कामाचे माप याच रीतीने घ्यावे. उद्या एखाद्या विद्यार्थ्याने मोडी कागद चाळून खजरान्याच्या गणपतीचे खरे साल शोधून काढले आणि ते देवळाच्या दारी मराठी-हिंदीत लावले गेले, तर वार्षिक अहवालात त्याला एकच ओळ मिळेल. आम्ही मात्र त्या ओळीलाच त्या वर्षाचे खरे संशोधन म्हणू.